मुकी बाटली

माझे सासरे नरहरी राऊत केळव्याला समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर गोटी सोडा विकायचे, आणि सासूबाई, म्हणजे हंसाबाई, त्याच टपरीच्या दुसऱ्या टोकाला साध्या पाण्याच्या सीलबंद बाटल्या विकायच्या. एक टपरी, दोन दुकानं. मध्ये बर्फाची पेटी, आणि तिच्यातल्या जागेवरून रोज हद्दीचा वाद. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं उतरली की दोघं रस्त्याकडे नजर लावून बसायचे. कोणी दिसलं की बाबा हळूच म्हणायचे, "हा सोड्याचा." आई म्हणायच्या, "साध्याचा. पोरगं कडेवर हाय त्याच्या." बहुतेक वेळा आईंचंच खरं व्हायचं. मग बाबा म्हणायचे, "आज बिचाऱ्याची तब्येत बरी नसंल."

एकदा गॉगल लावलेल्या एका मुलीनं विचारलं, "अंकल, स्पार्कलिंग वॉटर आहे का?" बाबांना शब्द कळला नाही. ते म्हणाले, नाय. मी मागून सांगितलं, बाबा, सोडाच मागतेय ती, बिनसाखरेचा, बिनमिठाचा. बाबांनी बाटली फोडली, मुलगी प्यायली आणि म्हणाली, मस्त. त्यानंतर आठवडाभर बाबा गावभर सांगत फिरले की आमी चाळीस वर्षं स्पार्कलिंग करतोय आणि आमालाच पत्ता नाय. आई म्हणाल्या, "नाव बदललं म्हणून वारा काय गोड झाला नाय."

बाबांना साधं पाणी चालायचंच नाही. रक्तदाबाची गोळीसुद्धा सोड्याबरोबर. लग्नाकार्याला गेले तर पिशवीत अहेराच्या पाकिटाबरोबर दोन बाटल्या. साध्या पाण्याला ते मुकं पाणी म्हणायचे. "तोंडात घेतलं तरी काय बोलत नाय. पाहुणा आला, बसला, न बोलता गेला. कशाला आला होता?" ज्या बाटलीतला गॅस निघून गेला ती त्यांच्या भाषेत मुकी बाटली, आणि तशी बाटली चुकून गिऱ्हाईकाच्या हातात गेली तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आणि आईंना साध्याशिवाय काही नको. साधं म्हणजेही त्या विकायच्या ते सीलबंद नव्हे, ते "लोकांचं". त्यांना आमच्या वाडीतल्या विहिरीचं लागायचं. समुद्र हाकेच्या अंतरावर, आजूबाजूच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, पण नारळी-सुपारीच्या मध्ये असलेली आमची विहीर गोड राहिली. आईंचं माहेर मासवणचं, सूर्या नदीच्या काठचं. पाण्याच्या बाबतीत त्यांचं नाक फार वर. पण ह्या विहिरीचा पहिला घोट घेतला आणि ठरवलं, इथं नांदता येईल. हे त्यांनीच मला सांगितलं होतं. नवऱ्याबद्दल असं काही सांगितलं नाही, ते सोडा.

गंमत ही की बाबांचा सोडाही त्याच विहिरीच्या पाण्याचा. म्हणून त्यांना आईंचा हट्ट जास्तच झोंबायचा. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दिवसाची पहिली बाटली नव्या नवरीपुढे धरली. नवी नवरी नको कशी म्हणणार? तिनं म्हटलं, "उद्या." बाबांनी तो शब्द धरून ठेवला. तेव्हापासून रोज सकाळी पहिली बाटली भरली की ती आईंपुढे.

"घे गो. तुझंच पाणी हाय."

"मग त्यात वारा कशाला भरलाव?"

"एकदा पिऊन तर बघ."

"उद्या."

आणि ती बाटली पहिल्या गिऱ्हाईकाला जायची. त्रेचाळीस वर्षं. बाळंतपणातही चुकलं नाही, म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा आठवडाभर हे बघितलं आणि नवऱ्याला, ललितला, विचारलं, तुमच्या घरात सगळे असेच आहेत का? तो म्हणाला, नाही, मी कोल्ड्रिंक पितो.

मी बोईसरची. माझे वडील जळगावकडून कारखान्यात नोकरीला आले आणि बॉयलरवर लागले. दर तासाला काटे बघायचे आणि आकडा लिहून ठेवायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. ती खोड माझ्यात उतरली. मी मोजते. जिन्याच्या पायऱ्या, कुकरच्या शिट्ट्या, फाटक बंद असताना जाणाऱ्या मालगाडीचे डबे. कारण काही नसतं, मोजलं जातं. ही खोड नसती तर आज मी सुखानं जेवले असते.

कारण सोड्याचं यंत्र स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, पडवीत होतं. पाणी भरलेली बाटली लोखंडी पिंजऱ्यात अडकवायची, गॅसची चावी सोडायची आणि दांडा धरून पिंजरा गरगर फिरवायचा. फिरताना गॅस पाण्यात मुरतो, आणि बाटली उलटी होते तेव्हा आतली काचेची गोटी गळ्यात येऊन बसते. मग गॅसच तिला आतून दाबून धरतो. बोटानं गोटी खाली ढकलली की फट् आवाज होतो, तो त्या गॅसचा. जितके वेढे जास्त तितका सोडा तिखट. बाबा प्रत्येक बाटलीला बावीस वेढे द्यायचे. दर वेढ्याला यंत्र एकदा कुरकुरायचं, त्यामुळे भिंतीपलीकडे पोळ्या लाटताना मला ते ऐकू यायचे. पंधरा वर्षांत कधी एकवीस झाले नाहीत, कधी तेवीस झाले नाहीत. आमच्या वडिलांनी अशा माणसाला बॉयलरवर डोळे मिटून ठेवलं असतं.

गेल्या वर्षी, होळीला चार दिवस असताना, आई टपरीवर बर्फात बाटल्या लावत होत्या. एक हातातून निसटली. दुसरी निसटली. बाबा चेष्टेनं म्हणाले, "बघ, तुझं पाणी तुलाच सोडून चाललं." आई हसल्या, पण अर्ध्याच तोंडानं. उजवा हात लोंबकळला आणि त्या बर्फाच्या पेटीवर कलल्या. ललित तारापूरला कारखान्यात पाळीवर होता. मी आणि बाबांनी रिक्षात घातलं आणि बोईसरच्या एका हॉस्पिटलात नेलं.

जीव वाचला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. दिवसभर जिची जीभ चालायची त्या बाईकडे "नको" आणि "हां" एवढे दोन शब्द उरले. नाकातून नळी, नळीतून दूध. आठवड्यानं नळी काढायची वेळ आली तेव्हा उत्कर्षा नावाची एक तरुण मुलगी आली. गिळायला शिकवणं हे तिचं काम. असंही काम असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. तिनं आईंना टेकून बसवलं, हनुवटी खाली करायला सांगितली आणि चमचाभर साधं पाणी दिलं. आईंना असा ठसका लागला की ओठ निळे पडले.

उत्कर्षानं आम्हाला बाहेर बोलावून समजावलं. पाणी पातळ असतं, भरकन उतरतं, यांच्या घशाला कळायच्या आत श्वासनलिकेत जातं. तिथून फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया. दूध असो, पेज असो, दाट असेल ते सावकाश उतरतं, ते जमेल. साधं पाणी मात्र पूर्ण बंद. पाण्यात घालून ते दाट करायची एक पावडर तिनं दिली. ते दाट पाणी म्हणजे अगदी कपड्याला घालायची खळ. आईंनी पहिला चमचा थुंकला आणि दात आवळले. चार दिवस. हातात सलाईन होती म्हणून तगल्या. जिला शेजारच्या विहिरीचं पाणीसुद्धा मचूळ लागायचं ती खळ कशी पिणार?

पाचव्या दिवशी उत्कर्षा जरा बिचकतच म्हणाली, "एक करून बघू या का? काही पेशंटना सोडा जमतो. सगळ्यांना नाही. बुडबुडे टोचतात, त्यामुळे घशाला कळतं की काहीतरी येतंय."

बाबा बाकावर बसले होते ते उभे राहिले. "सोडा?" त्यांनी दोनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केळव्याहून ओल्या पंच्यात गुंडाळून त्यांनी दिवसाची पहिली बाटली आणली. गोटी दाबली, फट् झालं, वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली. उत्कर्षानं चमचा बाबांच्या हातात दिला. आईंनी बाटली ओळखली. तोंड फिरवायला मान वळेना, आणि घसा पाच दिवसांचा कोरडा. बाबांनी चमचा पुढे केला. ह्या वेळी "घे गो" म्हणाले नाहीत, "तुझंच पाणी" म्हणाले नाहीत. आईंनी तोंड उघडलं. गिळलं. ठसका नाही. दुसरा चमचा. ठसका नाही.

माणसाचा त्रेचाळीस वर्षांचा हट्ट देवानं पुरवला, तो असा. अर्धी बाटली झाल्यावर बाबा जिन्याकडे गेले आणि कठड्याला धरून लहान मुलासारखे रडले. मी लांब उभी राहिले. माझ्या देवाशी असलेल्या भांडणाची सुरुवात तिथली आहे.

घरी आणताना उत्कर्षानं कागदावर लिहून दिलं. बसवून पाजायचं. हनुवटी खाली. एकेक चमचा. सोडा ताजा, पूर्ण गॅसचा. साधं पाणी थेंबभर नाही. मी तो कागद आईंच्या खाटेच्या वर चिकटवला. आणि खाट कुठे ठेवली? खिडकीशी, विहीर दिसेल अशी. आईंना बरं वाटेल म्हणून. शहाण्यासारखं वागायला गेलं की असं होतं.

आई दिवसभर त्या विहिरीकडे बघायच्या. कोणी पाणी काढलं, शेजारच्या पुष्पलताकाकूंनी कळशी भरली, की डावा हात उचलायच्या. आणि एक दिवस तिसरा शब्द आला. "साधं." आम्ही आधी आनंदलो, नवा शब्द आला म्हणून. ललितनं पेढे आणले. मग तो शब्द थांबेना. सकाळी साधं, दुपारी साधं. सोड्याचा चमचा तोंडात गेला की चेहरा वाकडा व्हायचा, डोळ्यांत पाणी यायचं. गॅसनं यायचं की आणखी कशानं, मला कळायचं नाही.

"तुझंच पाणी हाय, हंसा," बाबा म्हणायचे. तेच वाक्य. पूर्वी ते वाक्य ते खोडी काढायला वापरायचे. आता त्यात नुसती विनवणी होती. "विहिरीचंच हाय गो. देवाशप्पथ."

"साधं."

एप्रिलच्या शेवटी आईंनी बाबांच्या हातून पिणंच सोडलं. मी चमचा धरला तर दोन-तीन घ्यायच्या. बाबांनी धरला की डोळे मिटून घ्यायच्या, ओठ घट्ट. बाबा तासभर चमचा धरून बसायचे, चमच्यातला सोडा मुका होऊन जायचा, तो टाकून नवा घ्यायचे. एका दुपारी ते स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसले. म्हणाले, "रूपाली, तिला वाटतं मी जिंकलो."

"असं काही नाही, बाबा."

"तिला वाटतं, मी जिंकलो नि आता सूड घेतोय." आणि स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना मी यंत्राचे वेढे मोजले. वीस.

मला वाटलं माझंच चुकलं. तिसऱ्या दिवशीही वीस. मग अठरा. मी पडवीत गेले आणि म्हटलं, "बाबा, अठराच झाले." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "दांडा जड जातोय. खांदा दुखतोय." खांदा दुखत होता तर टपरीच्या बाटल्यांना बावीस कसे होत होते? पण मी तोंड मिटलं. कारण अठरा वेढ्यांची बाटली घेऊन ते खाटेशी बसले तेव्हा आईंनी डोळे उघडले होते. चेहरा वाकडा झाला, पण कमी झाला. त्यांच्या हातून चार चमचे घेतले.

मग पंधरा. मग बारा. रोज नाही, दोन-तीन दिवसांनी एकेक पायरी. हे हात आखडणं नव्हतं. त्यात लोभ होता, माया होती, आणि एक कारागीर होता, ज्याला वाटत होतं की आपण मापात काम करतोय. इतका गॅस घशाला पुरे, इतका कमी केला तर तिला आवडेल. मधली एक रेघ कुठेतरी असणार, आणि ती आपल्याला हातानं कळेल. आयुष्यभर ज्यानं हातानं गॅस ओळखला त्याला असं वाटणारच. दुसऱ्या कोणी ही चूक केलीच नसती. दुसऱ्यानं एक तर पूर्ण सोडा दिला असता, नाही तर चोरून पेलाभर पाणी पाजलं असतं आणि ठसका लागल्यावर घाबरून थांबला असता. इथे ठसकाच लागत नव्हता. ठसका न लागताही पाणी आत उतरू शकतं, हे उत्कर्षानं सांगितलं होतं. मलाच सांगितलं होतं. बाबा तेव्हा बाटली आणायला गेले होते.

मी फोन उचलायला हवा होता. उत्कर्षाचा नंबर त्याच कागदावर खाली होता. मी दिवसातून दहा वेळा तो कागद बघत होते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी यंत्र सहा वेळा कुरकुरलं आणि थांबलं. मी लाटणं हातात धरून वाट बघत राहिले. सातवा आला नाही. सहा वेढ्यांत गोटी जेमतेम बसते. बाबांनी खाटेशी बसून ती दाबली तेव्हा फट् झालं नाही. गोटी नुसती खाली घरंगळली. ती बाटली मुकी होती. त्यांनी आयुष्यात गिऱ्हाईकाला दिली नसती अशी.

थोड्या वेळानं मला एक आवाज आला, आणि तो कसला हे कळायला वेळ लागला, कारण दोन महिने ऐकला नव्हता. आई हसत होत्या. मी दाराशी गेले. अर्ध्या तोंडानं, घोगरं, पण हसत होत्या. आईंनी डावा हात उचलला, बाबांच्या दाढी वाढलेल्या गालावर ठेवला आणि म्हणाल्या, "गोड."

बाबांनी चमचा खाली ठेवला. "रूपाली! ऐकलंस? गोड म्हणाली!" ते रस्त्यावर गेले, पुष्पलताकाकूंना सांगून आले, टपरीवर एका अनोळखी गिऱ्हाईकाला सांगून आले. त्या दिवशी आईंनी त्यांच्याकडून केस विंचरून घेतले. त्यांना वेणी घालता येत नव्हती, नुसत्या गाठी मारल्या. आईंनी त्या तशाच ठेवल्या.

उरलेली बाटली मी उचलून मोरीत नेली आणि तोंडाला लावली. विहीर होती. निव्वळ, स्वच्छ, गोड विहीर. जिभेला एक बुडबुडा लागला नाही. मी ओरडायला हवं होतं. मी काय केलं? बाटली धुतली आणि उपडी घातली. मनात म्हटलं, एक दिवस. हसल्यात त्या, एक दिवस हसू देत.

दुसऱ्या दिवशीही सहा. तिसऱ्या दिवशीही सहा.

चौथ्या दिवशी दुपारी अंग कोमट लागलं. संध्याकाळी श्वास घरघरायला लागला. ललितनं गाडी आणली आणि आम्ही पुन्हा बोईसरला. छातीचा फोटो काढला, उजवं फुप्फुस पांढरं दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, अशा पेशंटमध्ये हे कधीतरी होतंच, कितीही जपलं तरी. हे ते खरं म्हणाले की आमच्याकडे बघून म्हणाले, मला आजही माहीत नाही. उत्कर्षा वॉर्डात आली. आईंचा हात हातात घेतला. मग विचारलं, "सोडा पूर्ण गॅसचाच देत होतात ना?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. पाण्यात बुडणारा माणूस काठावरच्याकडे बघतो तसं.

"हो," मी म्हटलं.

पाच दिवसांनी आई गेल्या. सकाळी, चहाच्या वेळी. शेवटी तोंडात गंगेचं पाणी घालायची पद्धत असते, ते कोणाजवळ नव्हतं. बाबांच्या पिशवीत विहिरीच्या पाण्याची लहान बाटली निघाली. आता ठसक्याची भीती नव्हती. त्यांनी चमच्यानं पाजलं, आणि ओठांच्या कडेनं खाली आलं ते पंच्यानं टिपलं.

जिथं खाट होती तिथं दहा दिवस दिवा ठेवला आणि पाण्याचा पेला. आतेसासूबाई म्हणाल्या, शेवटी सोडा प्यायची ना ती, सोडाच ठेवा. बाबा उठले. विहिरीवर गेले, स्वतः पोहरा सोडला आणि पेला भरून आणला. रोज तसा भरायचे. मे महिन्याची उष्णता, दिव्याची धग, पेल्यातलं पाणी थोडं कमी व्हायचंच. बाबा वाकून बघायचे आणि म्हणायचे, "प्यायली." एकदा म्हणाले, "बघ, ठसका नाय लागला." मी तिथून उठून वाडीत गेले आणि सुपारीच्या झाडाला डोकं टेकून उभी राहिले.

तेरावं झालं, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते आणि बाबांनी पडवीतून हाक मारली. यंत्रावर गोणपाट टाकलेलं होतं. ते शेजारी पाटावर बसले होते, हात मांडीवर.

"तुला इथलं सगळं ऐकू येतं ना तिकडं?"

"येतं, बाबा."

"तू मोजतेस. ललित सांगतो."

मी पिठाचे हात पदराला पुसले.

"ती गोड म्हणाली ना, त्या दिवशी." त्यांनी गोणपाटाचं टोक सारखं केलं. "त्या दिवशी किती वेढे दिले मी? मला आठवत नाय."

ज्या माणसाला बंद बाटली कानाशी धरून गॅस किती आहे ते कळायचं, तो मला विचारत होता. त्याला आकडा माहीत होता. मला माहीत होता हेही त्याला माहीत होतं. आमच्या वडिलांनी मला एकच गोष्ट शिकवली होती, की काटा दिसेल तोच आकडा लिहायचा, बॉयलर फुटला तरी.

"बावीस, बाबा," मी म्हटलं. "नेहमीसारखे."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली. "बरं," म्हणाले. "मग ठीक हाय." आणि पंचा तोंडाला लावून बसून राहिले.

पुन्हा कधी त्यांनी विचारलं नाही. आता यंत्र मी चालवते. टपरी एकच दुकान झाली आहे, साधं आणि सोडा दोन्ही माझ्याकडे, आणि बर्फाच्या पेटीत हवी तेवढी जागा आहे. बावीस वेढे देते. हात भरून येतो, पण एकवीसवर थांबत नाही. रोज सकाळी पहिली बाटली भरली की ती घेऊन मी बाबांकडे जाते. ते खिडकीशी बसलेले असतात, जिथं खाट होती तिथं. शेजारी मडक्यातल्या पाण्याचा पेला असतो आणि त्यात चमचा. हल्ली ते साधंच पितात. हनुवटी खाली करून, एकेक चमचा.

"घ्या बाबा," मी म्हणते. "विहिरीचंच आहे."

ते बाटलीकडे बघतात.

"उद्या," म्हणतात, आणि मी ती बाटली बर्फात नेऊन ठेवते.